शाकारणीच्या निमित्ताने वाई

गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की सभासदाच्या मागची धावपळ महिना-दीड महिना थोडी कमी होते. खोडव्याचे पाणी, खत चालूच असते. पण तोडीची वाट पाहणे नसते, मुकादमाला दहा वेळा फोन करणे नसते, ट्रॉली बांधावर रुतली म्हणून रात्री उठणे नसते. आडसाली लागण जुलैत. तेव्हा मे महिन्याचा मधला पंधरवडा हा आपल्या लोकांचा लग्नकार्याचा, जत्रांचा आणि घरे शाकारण्याचा. याच पंधरवड्यात यंदा आम्ही सहकुटुंब तीन दिवस वाईला जाऊन आलो. त्याची हकीकत सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

या पत्रिकेत खोडव्याची निगा, पाचट कुजविणे, ठिबक असे विषय नेहमी येतात. आजचा विषय जरा निराळा आहे. पण अगदी परका नाही. आपल्यापैकी पुष्कळ सभासदांचे गावाखेरीज कुठे तरी एखादे घर असते. मुलांच्या शाळा-कॉलेजासाठी कोणी कराडात दोन खोल्या बांधलेल्या असतात, कोणी साताऱ्यात. मुले शिकून पुण्याला गेली की त्या खोल्या भाड्याने जातात. कोणाला वारसाने काही आलेले असते. शेतात आपण रोज चक्कर मारतो, या घराकडे मात्र वर्षवर्ष फिरकत नाही. भाडे खात्यावर जमा होते, आणि घर ठीक चालले आहे असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजत होतो.

वाईचे घर आमच्या आत्यांचे. दगडी जोते, त्यावर मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे पडवी, मागे लहानसे परसू. आत्यांना मूलबाळ नव्हते. १९९८ साली त्या गेल्या, तेव्हा मृत्युपत्राने हे घर आम्हा दोघा भावांच्या नावे झाले. आत्या होत्या तोवर अक्षय तृतीयेच्या आत कौले चाळून झालीच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्यामागे तो दंडक गेला. तीन भाडेकरू झाले. सध्याच्या ताई सहा वर्षे राहात आहेत. त्या कपडे शिवतात. यजमान पाचगणीला हॉटेलात कामाला, आठवड्याने घरी येतात. घरात सासूबाई आणि दोन मुले.

खरे सांगायचे, तर आम्ही निघालो ते केवळ कौलांसाठी नव्हे. धाकट्या बंधूंच्या मनात यंदा घर विकायचे घाटत होते. खालच्या चार एकराला पाणी पुरत नाही. नदीवरून पाइपलाइन आणायची तर रक्कम मोठी लागते. वाईतल्या त्या जागेला गिऱ्हाईक होते. बंधूंचे म्हणणे, "दादा, तिथं कोण राहतंय आपलं? शेतात पैसा घातला तर दिसंल तरी." आम्हाला हे पटतही होते आणि पटत नव्हतेही. शेवटी ठरले, की एकदा सगळ्यांनी जाऊन घर बघू, जमल्यास डागडुजी करू, म्हणजे विकायचे झाले तरी चार पैसे जास्त येतील. सौ. म्हणाल्या, जायचेच आहे तर पोरांनाही घेऊ, सुट्टीत ती घरातच बसून आहेत. आई म्हणाल्या, "मग मी मागं कशाला राहू?" असे करता करता आम्ही उभयता, आई, बंधू आणि धाकट्या वहिनी, कॉलेजात जाणारा पुतण्या आणि आमची आठ वर्षांची नात अशी सात माणसे झाली.

शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. मोटर चालू-बंद करायला शेजारच्या शेतकऱ्याला सांगितले, आणि पहाटे पाचला निघालो. गाडीच्या टपावर शिडी बांधलेली, मागे घमेली, थापी, पहार, आणि मध्ये आईंची घडीची खुर्ची. साताऱ्याला चहाला थांबलो आणि ताईंच्या घरी न्यायला कंदी पेढे घेतले. घर विकायची बातमी सांगायला जाताना पेढे नेणे आम्हाला जरा अवघड वाटले, पण रिकाम्या हाताने कसे जायचे? पाचवडला हमरस्ता सोडून वाईकडे वळलो, तेव्हा कुठे ऊन वर येत होते.

घरी पोहोचलो, तो ताई मशीनवर बसलेल्या. लग्नसराईचे दिवस, कोपऱ्यात ब्लाउजांचा ढीग. आमचे लक्ष गेले ते वर. मशीनच्या डोक्यावर चारी कोपरे सुतळीने ताणून प्लॅस्टिकचा कागद बांधला होता. बाहेर रणरणते ऊन. आम्ही विचारले, "ताई, पाऊस नाही न काही नाही, हे कशाला?"

"वळवाचा काय नेम, दादा," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एकदा येऊन गेला. तवापासनं बांधूनच ठेवलाय."

मग त्यांनी मापे लिहायची वही काढली. वहीच्या मागच्या पानांवर मागच्या पावसाळ्याचा सगळा हिशेब होता. कुठल्या तारखेला, कुठल्या ठिकाणी, कुठले भांडे लावले. जुलैत पडवीचा कोपरा, घमेले, रात्रीतून दोनदा ओतले. जिन्याच्या वर, पातेले. ऑगस्टच्या सुरुवातीला थेट मशीनवर गळाले आणि एका गिऱ्हाइकाच्या पैठणी ब्लाउजच्या कापडाला डाग पडला. त्याचे ९०० रुपये ताईंनी पदरचे भरून दिले. अशी आणखी दोन कापडे. मिळून २,३०० रुपये. ही वही त्यांनी आम्हाला दाखवायची म्हणून ठेवली नव्हती. रात्री कुठे भांडे लावायचे ते मुलांना कळावे, म्हणून लिहीत गेल्या होत्या.

"कळवलं का नाही?" आम्ही जरा मोठ्यानेच विचारले.

ताई काही बोलल्या नाहीत. बंधूच म्हणाले, "दोनदा फोन आला होता, दादा. उन्हाळ्यात बघू म्हणालो." आणि ते जमिनीकडे बघू लागले. आम्हाला त्यांच्यावर रागावता येईना. कारण आम्ही तरी वर्षभरात त्यांना काय विचारले होते? "वाईचं भाडं आलं का?" एवढेच.

त्या दिवशी विक्रीचा विषय कोणी काढला नाही.

दुपारी वयस्कर गवंडी मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार घर बघून गेले. मिस्त्री शिडीवरून उतरले ते थेट पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले. पाच-सहा वर्षांपूर्वी ही भिंत खालून झडते म्हणून आम्ही ११ हजार रुपये खर्चून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. घरावर अलीकडे केलेला खर्च म्हणाल तर तेवढा एकच, आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. मिस्त्रींनी थापीच्या मुठीने ठोकून बघितले. आत पोकळ आवाज. "मातीच्या भिंतीचं तोंड सिमेंटनं बांधलंय तुम्ही," ते म्हणाले. "वल आत येती, भाईर जायाला वाट न्हाय."

ते समजून घेण्यासारखे आहे. मातीची किंवा चुन्याची भिंत जमिनीतून थोडी ओल ओढतेच, पण ती हवेशीर असल्याने वाळतेही. वर सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आतच कोंडते, वर चढते, विटांमधली माती सैल करते आणि शेवटी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. त्यात आमच्याकडे वळचणीची पत्र्याची पन्हळ मध्येच गंजून तुटलेली. अर्ध्या पाख्याचे पाणी थेट जोत्याशी पडत होते. म्हणजे रोग पन्हळीत आणि औषध आम्ही भिंतीला लावले होते! जुनी मातीची घरे ज्यांची आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. चुन्याचा गिलावा करणारे हात आता कमी राहिले आहेत, पण शोधले तर मिळतात.

दुसऱ्या दिवशी सहालाच काम सुरू केले, कारण अकरानंतर कौलावर हात ठेववत नाही. पुतण्या मोठ्या हौसेने वर चढला आणि पहिल्या पाच मिनिटांत कौलाच्या बरोबर मध्यावर पाय देऊन चार कौले फोडली. मिस्त्री हसून म्हणाले, "कौलाच्या पोटावर न्हाय, जिथं खाली रीप हाय तिथं पाय द्यायचा." मग मात्र तो शहाण्यासारखा वावरला. कौले एकेक काढून खाली द्यायची, नारळाच्या शेंडीने घासायची, बोटाने वाजवून बघायची. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर चिरलेले. घासण्याचे काम सौ., धाकट्या वहिनी आणि नात यांनी परसात मांडले. ताईंच्या सासूबाईही "मला तरी काय काम हाय" म्हणून येऊन बसल्या. आई खुर्चीवरून देखरेख करीत होत्या. त्यांचा सगळा वेळ "वन्संच्या वेळी तुळस इथं होती, पाण्याचा हंडा तिथं होता" हे सांगण्यात गेला. ताईंच्या मुलाने त्या दाखवतील तिथे विटकरीने खुणा केल्या.

नातीला एका कौलाच्या पोटाशी इंग्रजी अक्षरे सापडली. बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हा आकडा. झाले, घर १८६५ सालचे आहे असे तिने सगळ्या आळीला सांगून टाकले. खरी गोष्ट अशी, की बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५. पुढे कित्येक वर्षे ते साल कौलांवर उमटत राहिले. आपल्या साखरेच्या पोत्यावर कारखान्याची नोंदणी छापावी तसे. तरीही शंभर वर्षांच्या घरातले भाजलेले कौल अजून खणखणीत वाजते, याचे नवल वाटल्याशिवाय राहिले नाही.

कौले उतरल्यावर जे दिसले ते मात्र चांगले नव्हते. पश्चिमेकडच्या पाख्याच्या रिपा बोटाने कुस्करल्या जात होत्या. भिंतीत शिरलेली तीन वाशांची टोके वाळवीने पोखरलेली. वरून रंग शाबूत, आत भुसा. सुतारांनी पटाशी घातली तर ती मुठीपर्यंत गेली. "आणि दोन पावसाळं काढलं असतं का न्हाय सांगता येत न्हाय," ते म्हणाले. त्या वाशांच्या बरोबर खाली ताईंची मशीन. आणि संध्याकाळी तिथेच मुले अभ्यासाला बसतात. बंधू शिडीवर उभे होते. ते खाली उतरले आणि बराच वेळ परसात जाऊन उभे राहिले.

किडलेली टोके कापून चांगल्या लाकडाचे तुकडे सांधले, भिंतीत जाणाऱ्या भागाला डांबर दिले, भिंतीच्या बुडाशी वाळवीचे औषध घातले. फुटकी धरून १८० कौले कमी पडत होती. इथे एक अडचण अशी, की मंगळुरी कौल म्हटले तरी प्रत्येक कारखान्याची खाच निराळी, एकाचे दुसऱ्यात बसत नाही. म्हणून एक कौल नमुन्याला बरोबर घेऊन पुतण्या आणि मिस्त्रींचा जोडीदार, कोणाचे जुने घर पाडले आहे तिथे, म्हणून हिंडले आणि मेळाची जुनी कौले २५ रुपयांना एक याप्रमाणे घेऊन आले. नवीन कौले घ्यायला गेलो असतो तर पैसेही जास्त गेले असते आणि बसलीही नसती.

अकरा ते चार काम बंद. जेवण ताईंनी आणि सौ.नी मिळून केले. भाकरी, वांग्याची भाजी, कैरीची चटणी. मग मधल्या खोलीत सगळे आडवे झाले. आमच्या घरात आम्ही पाहुणे, अशी गंमत.

चार वाजता आई म्हणाल्या, "घाटावर कधी न्यायचं ते न्या." म्हणून आम्ही गणपती घाटावर गेलो. वाईला कृष्णेवर सात घाट आहेत आणि थंडीच्या अखेरीस प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव होतो, हे आपल्या भागातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. उन्हाळ्यात नदीला पाणी बेताचेच. पायऱ्या उन्हाने तापलेल्या, पण वडाकडून वारा सुटला होता. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधले. आईंनी नातीला देवळाच्या मागे नेले. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी अंगावर आले की दोन बाजूंना फाटते आणि देऊळ राहते. "बघ, पाणी कसं यील ह्याचा इचार आधी केला, मग देऊळ बांधलं," आई म्हणाल्या. त्या कोणाला उद्देशून बोलल्या ते आम्हाला कळले. पन्हळीची गोष्ट त्यांनी दुपारीच ऐकली होती.

भेळ आली. नदीपलीकडे दिवे लागले. पुतण्याने मोबाईलवर विश्वकोश उघडला. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच वाईत बसून उभे केले. पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याने 'ऊस' ही नोंद काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बंधूंनी लगेच विचारले, "आपलं ८६०३२ हाय का त्यात?" सत्तरच्या दशकातल्या नोंदीत ते कुठून असणार! को ८६०३२ मधला ८६ हा आकडाच १९८६ सालचा. तेवढ्यावरून हशा झाला, आणि दोन दिवसांत बंधू पहिल्यांदा मोकळे हसले.

मग ते आपणहून बोलले. "दादा, मी हिशेब मांडून बघितला. महिन्याला साडेचार हजारांनी वर्षाचे ५४ हजार येत्यात. आधी भाडं कमी होतं, तरी सहा वर्षांत पावणेतीन लाखांच्या वर आलं असंल. त्यातनं घराला आपण काय दिलं? तो सिमेंटचा गिलावा, ११ हजार. त्यानंबी वाटोळंच केलं. खोडवा ठेवला तर आपण बुडखे छाटतो, खत देतो, नांग्या भरतो. हितं नुसती तोडच घेत आलो."

आम्ही विचारले, "मग विकायचं काय?"

"ते उद्या बघू. पण ह्या कौलाखाली दुसऱ्याची पोरं बसत्यात हे बघितल्यावर, आहे तसं कुणाच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

रात्री सातारच्या ओळखीच्या वकिलांना फोन लावला. त्यांच्याकडून जे कळले ते आपल्यातल्या घरमालक सभासदांना उपयोगी पडेल म्हणून देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याप्रमाणे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आमच्या हिशेबाने साडेतेरा हजार. ताईंना हे ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. दुसरे असे, की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध करणे मालकाकडे येते. शिवाय दंडाची वा कैदेची तरतूद आहे ती वेगळीच. आमचा करार म्हणजे स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या. नोंदणी नाही. वकील म्हणाले, "तुमचं नशीब, भाडेकरू भल्या आहेत."

त्यांनी आणखी एक आठवण दिली. उसाचे उत्पन्न शेतीचे म्हणून आयकरातून वगळलेले आहे, त्यामुळे आपण सगळ्याच उत्पन्नाला तो नियम लावून मोकळे होतो. घरभाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही दुरुस्ती करा अगर न करा. म्हणजे सरकार दरसाल दुरुस्तीचा खर्च धरूनच चालते! आम्हीच तेवढे धरीत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पाखे परत चढले. आढ्यावरची कौले चुन्यात बसवली, नवी पन्हळ लावून तिचे पाणी परसात लांब सोडले, पश्चिमेच्या भिंतीचा खालचा दोन फूट गिलावा खरवडून चुन्याचा हात दिला. चुना सावकाश धरतो, तेव्हा आठवडाभर पाणी मारण्याचे ताईंनी कबूल केले. मिस्त्री शेवटचे काम उरकीत होते, तोवर मंडळींना घेऊन आम्ही तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो.

नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट आणि मेणवलेश्वराचे देऊळ. हे सगळे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. 'स्वदेस' या २००४ सालच्या हिंदी चित्रपटात हा घाट आहे, त्यामुळे पुतण्याला तो आधीच ओळखीचा वाटला. घाटावर मोठी घंटा टांगली आहे, ती चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली. पोर्तुगीजांच्या चर्चमधली घंटा शंकराच्या दारी आली. नातीने ती वाजते का असे तीनदा विचारले. वहिनी आणि सौ. पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसल्या. घरी त्या दोघींना अशा नुसत्या बसलेल्या आम्ही क्वचितच बघतो. बंधू मात्र वाड्यात शिरल्याबरोबर मान वर करून वाशांची टोके बघत फिरत होते. दोन दिवसांत माणसाचे डोळे असे बदलतात.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनीच ताईंना बोलावले आणि सगळे सांगून टाकले. घर विकायचा विचार होता, गिऱ्हाईकही होते. ताईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "घर तुमचं आहे, दादा. विकायचं असंल तर फक्त दोन महिने आधी सांगा. माझी गिऱ्हाइकं ह्या आळीतली. दुकान हललं की निम्मी जात्यात. आणि पोराची दहावी आहे."

बंधूंनी आमच्याकडे बघितले, आम्ही त्यांच्याकडे. आई खुर्चीवरून म्हणाल्या, "माझ्याकडं नका बघू. पाण्याबिगर ऊस वाळला तर मला इचारायला येऊ नका." आम्हाला वाटत होते, आई घर ठेवा म्हणतील. त्या तसे म्हणाल्या नाहीत. घराची माया त्यांना आमच्यापेक्षा जास्त. पण वाळलेला ऊसही त्यांनी जास्त पाहिला आहे.

तासभर बोलणे झाले. शेवटी ठरले ते असे, की करार दोन वर्षांचा, रीतसर नोंदणी करून. तोवर विक्री नाही. ताईंच्या कापडांचे २,३०० रुपये पुढच्या भाड्यातून वळते करायचे. दरवर्षी मेमध्ये कौले चाळायला आम्ही यायचेच, न जमल्यास मिस्त्रींना पैसे पाठवायचे. पाइपलाइन यंदा निम्मीच करायची, वरच्या दोन एकरांपुरती. खालचे दोन एकर या वर्षी उसाखाली घ्यायचे नाहीत. हे शेवटचे बंधू बोलले तेव्हा त्यांना किती जड गेले ते आम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांनी काय करायचे ते ठरलेले नाही, आणि ठरले आहे असे आम्ही येथे लिहिणार नाही.

खर्चाचे विचाराल तर कौले ४,५००, लाकूड ९,२००, गवंड्यांची मजुरी ६,०००, सुतार २,४००, आणि चुना, खिळे, पन्हळ, औषध मिळून ५,३००, एकूण २७,४००. डिझेल आणि तीन दिवसांचा वरखर्च सहा हजार. म्हणजे सुमारे साडेसात महिन्यांचे भाडे गेले. दरसाल कौले चाळली असती, तर एवढे लाकूड बदलावे लागलेच नसते, असे मिस्त्री म्हणाले. आम्हालाही तसेच वाटते.

निघताना ताईंनी नातीला उरलेल्या कापडांची झालर लावलेला फ्रॉक दिला. तीन दिवसांत केव्हा शिवला कोण जाणे. १८६५ चे एक चिरलेले कौल नातीने गाडीत घेतले आहे. ते आता आमच्या ओट्यावर आहे आणि त्यात चिमण्यांना पाणी ठेवले जाते.

मृगाचा पाऊस यंदा आमच्याकडे वेळेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधूंचा फोन वाजला. ताई होत्या. रात्रभर चांगला पाऊस झाला, मशीनवर, पडवीत टिपूस नाही, प्लॅस्टिकचा कागद सोडला. मात्र जिन्याच्या वर एका जागी थेंब अजून पडतो, पातेले लावले आहे.

"रविवारी येतो," बंधू म्हणाले. आणि फोन ठेवून शिडी कुठे ठेवली आहे ते विचारायला आमच्याकडे आले.